हिमोग्लोबिन कमी आहे, पण का?



‘रक्त कमी आहे’ हे वाक्य ज्या घरात कधी उच्चारले गेले नाही, असे घर आपल्याकडे सापडणे कठीण. गरोदरपणात ते ऐकू येते, शाळेतल्या आरोग्य तपासणीनंतर येते, म्हातारपणी जिना चढताना धाप लागू लागली की येते. त्यापाठोपाठ लोहाच्या गोळ्या येतात, बीट, पालक, गूळ-शेंगदाणे खाण्याचा सल्ला येतो आणि बहुतेक घरांत विषय तिथेच मिटतो. आज मला एवढेच मांडायचे आहे की विषय तिथे मिटता कामा नये. हिमोग्लोबिन कमी असणे हे निदान नव्हे. ताप जसा मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, क्षयाचाही असतो, तसेच हे आहे. कमी हिमोग्लोबिनमागे लोहाची कमतरता असेल, बी-१२ किंवा फोलेटची कमतरता असेल, पोटातले जंत असतील, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल यांसारखा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, क्वचित रक्ताचा कर्करोगही असेल. यातले नेमके कोणते, हे रुग्णाच्या पापणीचा फिकटपणा सांगू शकत नाही आणि हिमोग्लोबिनचा आकडाही सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी रक्तपेशी पाहाव्या लागतात, मोजाव्या लागतात, त्यांच्यातले हिमोग्लोबिन तपासावे लागते. प्रयोगशाळेतले हे काम मोठ्या शहरातल्या रुग्णालयाची चैन नसून गावपातळीपर्यंतच्या आरोग्यसेवेचा पाया आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रथम त्या आकड्याकडेच पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा आणि पुरुषाचे १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर त्याला ॲनिमिया म्हणतात. वयोगटानुसार ठरवलेल्या अशाच निकषांनी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या आतली ६७ टक्के मुले ॲनिमिक आढळली. त्याआधी, २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ४१ टक्के निघाले होते. दोन्ही वयोगट तंतोतंत एक नाहीत, हे खरे. पण इतकी मोठी तफावत केवळ त्याने भरून निघत नाही. एक महत्त्वाचा फरक रक्त घेण्याच्या पद्धतीत होता. कुटुंब आरोग्य पाहणीत बोटाला टोचून थेंब घेतला गेला, तर पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेऊन ते प्रयोगशाळेत तपासले गेले. बोट दाबून थेंब काढला की रक्तात ऊतींमधला द्रव मिसळू शकतो आणि आकडा बिघडू शकतो. म्हणजे ज्या आकड्यावर आपण इतका भार टाकतो, तो थेंब कसा काढला यावरही हलतो. पोषण सर्वेक्षणाने आणखी एक गोष्ट दाखवली. एक ते चार वयाच्या ॲनिमिक मुलांत लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया हा सर्वांत मोठा गट होता, तरी त्याचा वाटा निम्म्याहून कमीच होता. मोठ्या मुलांत बी-१२ किंवा फोलेटच्या कमतरतेचा वाटाही डोळ्यांत भरण्याजोगा होता. ‘रक्त कमी म्हणजे लोह कमी’ हे आपण धरून चाललेले समीकरण देशाच्या पातळीवरही पुरते बसत नाही.

हे समीकरण अपुरे आहे हा शोध नवा नाही, आणि तो लावण्यात आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम सुरू केले. मुंबईतल्या गरीब गरोदर बायका, त्यांत गिरणीकामगार बायकाही होत्या, तीव्र ॲनिमियाने आजारी पडत आणि अनेकजणी दगावत. या बायकांच्या तांबड्या पेशी लहान आणि फिक्या नव्हत्या. उलट नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोहाने हा आजार हटत नव्हता. विल्सने आधी जंतुसंसर्गाचा संशय पडताळला, तो टिकला नाही. मग तिने या बायकांच्या जेवणाचा अभ्यास केला, माकडांना तसाच निकस आहार देऊन पाहिला आणि अखेरीस एक स्वस्त उपाय तिच्या हाती लागला : यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे मार्माइट. ते दिल्यावर रुग्णांचे रक्त झपाट्याने सुधारू लागले. १९३१ साली तिने हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून वेगळा करण्यात आला आणि त्याला फोलिक ॲसिड हे नाव मिळाले. आज प्रत्येक गरोदर बाईला जी गोळी मिळते, तिच्यातल्या एका घटकाची कुळकथा अशी परळला सुरू होते.

या शोधातली विचाराची पद्धत मला शोधाइतकीच मोलाची वाटते. त्या काळात यकृत खायला देऊन दुर्धर ॲनिमिया बरा होतो हे नुकतेच सिद्ध झाले होते. मायनट आणि मर्फी या डॉक्टरांचे ते काम १९२६ चे. विल्सने पाहिले, की यकृताचा शुद्ध केलेला अर्क तिच्या रुग्णांवर आणि माकडांवर फारसा चालत नाही, ओबडधोबड अर्क मात्र चालतो. रक्तपेशी दिसायला सारख्या असूनही आजार दोन आहेत आणि कमतरताही दोन आहेत, हे तिने त्यावरून ताडले. यकृताच्या शुद्ध अर्कातला घटक म्हणजे बी-१२. तो १९४८ मध्ये वेगळा झाला. हा भेद केवळ पाठ्यपुस्तकापुरता नाही. बी-१२ कमी असलेल्या माणसाला फोलिक ॲसिडचा मोठा डोस एकटाच दिला, तर रक्त सुधारते, हिमोग्लोबिन वर येते, अहवाल पाहून घरच्यांना समाधान वाटते. आणि त्याच वेळी मज्जारज्जूची हानी चालूच राहते. पायांना मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो. आकडा सुधारत असताना माणूस बिघडत असतो. आपल्याकडे याची धास्ती जास्त, कारण बी-१२ प्राणिज अन्नातूनच मिळते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०४ प्रौढांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांच्या रक्तात या कमतरतेच्या जैवरासायनिक खुणा सापडल्या. त्यांतले सगळे ॲनिमिक नव्हते. म्हणजे फक्त हिमोग्लोबिन मोजून थांबणाऱ्याला ही कमतरता दिसलीच नसती.

मग पाहायचे काय आणि कसे? प्रयोगशाळेतले सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे रक्ताची स्लाइड, ज्याला लॅबमध्ये सगळे स्मिअर म्हणतात. काचपट्टीच्या एका टोकाशी रक्ताचा छोटा थेंब ठेवायचा, दुसरी काचपट्टी तिरपी धरून त्याला टेकवायची, थेंब कडेने पसरला की एका हलक्या, न थांबणाऱ्या झटक्यात ती पुढे न्यायची. हात अडखळला तर पट्टे उमटतात, जोर झाला तर पेशी फाटतात. नीट जमलेली स्लाइड जिभेच्या आकाराची असते, थेंबाकडून जाड आणि शेपटाकडे विरळ होत जाणारी. ती वाळवून लिशमनच्या रंगद्रव्याने रंगवायची. पाण्याची आम्लता थोडी जरी चुकली तरी पेशी नको तितक्या लाल किंवा निळ्या दिसतात. मग शेपटाच्या अलीकडे, जिथे पेशी एकमेकींना जेमतेम टेकून पसरलेल्या असतात, तिथे तेलाचा थेंब सोडून शंभरपटीच्या भिंगाखाली पाहायचे. निरोगी तांबडी पेशी शेजारच्या लहान लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाएवढी असते आणि तिच्या मध्याचा तिसरा हिस्सा फिका असतो. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, फिका भाग रुंदावत त्यांची नुसती कडी उरते आणि मधूनच पेन्सिलीसारख्या लांबट पेशी दिसतात. बी-१२ किंवा फोलेट कमी असेल तर तांबड्या पेशी मोठ्या आणि अंडाकृती होतात, पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या फुटतात. थॅलेसेमियात मध्यभागी ठिपका असलेल्या, नेमबाजीच्या लक्ष्यासारख्या पेशी भेटतात. मलेरियाचा परजीवी, जंतांचा संशय आणणाऱ्या वाढलेल्या इओसिनोफिल पेशी, ल्युकेमियातल्या अपक्व पेशी, सारे याच काचेवर. दहा-पंधरा मिनिटांच्या निरीक्षणात इतके प्रश्न एकदम तपासणारी दुसरी स्वस्त चाचणी मला ठाऊक नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो यंत्राचा. आज तालुक्याच्या गावीही सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशी मोजण्याचे, यंत्र असते. ते मिनिटभरात हजारो पेशी मोजते, त्यांचा सरासरी आकारही छापून देते. मग भिंगाला डोळा लावून बसायचे कशाला? आक्षेपाचा पूर्वार्ध मला पूर्ण मान्य आहे. वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्ये ज्या तत्त्वाचे पेटंट मिळाले, त्यानुसार बारीक छिद्रातून जाणारी प्रत्येक पेशी विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा करते आणि त्या अडथळ्यावरून पेशींची संख्या व आकार कळतो. मोजणीच्या अचूकतेत माणूस या यंत्राची बरोबरी करू शकत नाही. अडचण मोजणीत नाही, सरासरीत आहे. समजा, एखाद्या बाईला लोहही कमी आहे आणि बी-१२ ही कमी आहे. आपल्याकडच्या आहारात ही जोडी मुळीच दुर्मीळ नाही. लोहाच्या कमतरतेने काही पेशी लहान झाल्या, बी-१२ च्या कमतरतेने काही मोठ्या झाल्या, आणि सरासरी आकार निघाला अगदी सामान्य. आकारातला फरक दाखवणारा दुसरा आकडा यंत्र देते खरे, पण तो वाढलेला का आहे हे ते सांगत नाही. स्लाइडवर मात्र दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारी-शेजारी दिसतात. प्लेटलेटचेही असेच. काही लोकांच्या रक्तात नळीतल्या गोठणरोधक द्रव्यामुळे प्लेटलेटचे पुंजके होतात. यंत्राला ते मोजता येत नाहीत आणि धडधाकट माणसाच्या अहवालावर घाबरवणारा आकडा येतो. डेंग्यूच्या दिवसांत अशा आकड्याने घरात किती धावपळ होते, हे सांगायला नको. चांगली यंत्रे अशा वेळी ‘स्लाइड पाहा’ असा इशारा छापतात. यंत्र स्वतःची मर्यादा कबूल करते. तो इशारा वाचून कोणी स्लाइड पाहते का, एवढाच प्रश्न उरतो.

पण स्लाइडलाही मर्यादा आहे, आणि ती नाकारली तर माझाच युक्तिवाद लंगडा पडेल. १९१० मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले आणि सिकलसेल आजाराची ओळख झाली, ती स्लाइडवरच. मात्र तो हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष आहे हे कळायला १९४९ उजाडले. रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते हे दाखवले. पुढे इन्ग्रॅम या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले, की सगळा फरक प्रथिनसाखळीतल्या एका अमिनो आम्लाच्या बदलाचा आहे. भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. आज नंदुरबार-धुळ्यापासून मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी समाजांत, तसेच विदर्भातल्या काही अनुसूचित जातींतही तो आढळतो. ज्याला आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष मिळाला, त्याच्या तांबड्या पेशी एकशे वीस दिवसांऐवजी दोन-तीन आठवड्यांतच मोडतात. त्याचे रक्त कमी होते ते पेशी फुटल्यामुळे, आणि लोहाच्या गोळ्या त्या फुटण्यावर काहीच करू शकत नाहीत. एकाकडूनच दोष मिळालेला वाहक मात्र सहसा निरोगी असतो. त्याचे हिमोग्लोबिन सामान्य, स्लाइडही सामान्य. तो ओळखायला विद्राव्यता चाचणी लागते. पण ती वाहक आणि रुग्ण दोघांनाही पॉझिटिव्हच दाखवते. दोघांतला भेद करायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी लागते. थॅलेसेमियाच्या वाहकाचेही तेच. त्याच्या पेशी लहान असतात, लोहाच्या कमतरतेसारख्याच दिसतात, आणि हिमोग्लोबिनचा ए-२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर गेलेला पाहूनच खात्री होते. हे न तपासता अशा माणसाला वर्षानुवर्षे लोह देत राहणे म्हणजे नसलेल्या आजाराचा उपचार करणे. प्रत्येक चाचणी काही प्रश्नांची उत्तरे देते आणि पुढचा प्रश्न सुचवते. निदान या साखळीने होते. कुठल्याही एका कडीने नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो सार्वजनिक आरोग्यात आयुष्य घालवलेल्या माणसांचा आहे. ते म्हणतात, आपल्या बहुसंख्य बायकांना लोह कमी पडतेच. गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे. साखळ्या जोडत बसलात तर गोळी पोचायलाच उशीर होईल. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण त्याचा गाभा बरोबर आहे. लोहाची गोळी थांबवा असे मी म्हणतच नाही. गरोदर बाईला ती वेळेवर मिळालीच पाहिजे. पण गोळी देऊन पाहणे ही एक परीक्षा आहे असे म्हणायचे, तर परीक्षेचा निकालही लावायला हवा. लोहाची कमतरता असेल आणि गोळ्या खरोखर पोटात जात असतील, तर महिनाभरात हिमोग्लोबिन किमान एक ग्रॅमने वाढले पाहिजे. न वाढल्यास रुग्णाला वरच्या केंद्रात पाठवून पुढची तपासणी करा, असे २०१८ पासून चाललेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. मलेरिया, हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष आणि फ्लोरोसिस ही पोषणाबाहेरची कारणे शोधणे हाही त्या कार्यक्रमाचाच भाग आहे. मी काही नवा नियम मागत नाही. कागदावर असलेला नियम पाळला जावा, एवढेच मागतो आहे. दुसऱ्यांदा हिमोग्लोबिन मोजलेच नाही, तर ज्या बाईला लोहाचा गुण येत नाही ती आपल्या नजरेतून निसटते; आणि नेमकी तीच खरी आजारी असण्याची शक्यता जास्त असते. ‘गोळ्या खात नसेल’ हा शेरा तिच्या माथी मारणे सोपे असते. तो खरा आहे की खोटा, हे ठरवण्याचे साधन प्रयोगशाळेकडे आहे.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा : खेड्यात पॅथॉलॉजिस्ट आणायचे कुठून? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मलेरिया कार्यक्रमाने पुढच्या दशकांत घरोघर जाऊन तापाच्या रुग्णांच्या बोटाचे रक्त काचपट्टीवर घेतले, त्या काचपट्ट्या केंद्रांवर नेल्या आणि तंत्रज्ञांनी त्या वाचल्या. दरवर्षी लोकसंख्येच्या किमान दहा टक्के लोकांची स्लाइड तपासली जावी, असे उद्दिष्ट त्या कार्यक्रमात ठेवले गेले. हे काम पॅथॉलॉजिस्टांनी नव्हे, प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि तंत्रज्ञांनी केले. मलेरियाचा परजीवी ओळखणारी नजर लहान-फिकी पेशी आणि मोठी-अंडाकृती पेशी यांतला फरकही शिकू शकते. शंकास्पद स्लाइड जिल्ह्याला पाठवता येते, आज तिचे छायाचित्र क्षणात पाठवता येते. एचपीएलसीचे महागडे यंत्र प्रत्येक गावात लागत नाही. नमुना प्रवास करू शकतो. कमतरता आहे ती कुशल तंत्रज्ञाला मान, वेळ आणि कायमची नेमणूक देण्याच्या इच्छेची. स्लाइड वाचणारा माणूस दिवसाला किती नमुने ‘काढतो’ यावरच तोलला जात असेल, तर पंधरा मिनिटे एका काचेवर घालवण्याची हिंमत तो कुठून आणणार?

शेवटचा आक्षेप माणुसकीचा आहे, म्हणून तो सर्वांत गंभीर. सिकलसेलची तपासणी मोठ्या प्रमाणावर होऊ लागली आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन हे उद्दिष्ट ठेवले आहे. यातून वाहक मुलींची लग्ने मोडतील, आधीच उपेक्षित असलेल्या समाजांवर आणखी एक शिक्का बसेल, ही भीती खरी आहे. पण ती भीती तपासणीविरुद्धचा युक्तिवाद नाही. अर्धवट तपासणीविरुद्धचा आहे. केवळ विद्राव्यता चाचणीवरून ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा हातात ठेवून माणसाला घरी पाठवले, तर तो वाहक आहे की रुग्ण हेच त्याला कळत नाही, आणि गाव त्याला रुग्णच समजते. साखळी पूर्ण केली, तर सांगता येते : तुम्ही आजारी नाही, जोडीदारही वाहक असेल तरच प्रत्येक गर्भारपणात चारांत एक इतकी शक्यता मुलाला आजार होण्याची असते. ही माहिती मुलीइतकीच मुलाचीही आहे; ती ज्याची त्याला, खासगीत आणि समजेल अशा भाषेत दिली पाहिजे. जो खरोखर रुग्ण आहे, त्याला बाळपणीच ओळखले तर जंतुसंसर्गापासून जपता येते, लसी देता येतात, हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी करता येतात. न ओळखलेल्या रुग्णाच्या वाट्याला हे काहीच येत नाही. त्याला मिळतात त्या पुन्हा लोहाच्याच गोळ्या.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. लोहाची गोळी सुरू केलेल्या प्रत्येकाचे हिमोग्लोबिन महिन्याने पुन्हा मोजले जावे आणि ते वाढले नसेल तर सीबीसी, स्लाइड आणि जरूर तर पुढची तपासणी झाल्याशिवाय त्याच गोळ्या चालू ठेवू नयेत. हिमोग्लोबिन फार खाली गेलेल्या रुग्णाला रक्त चढवण्याआधी तपासणीचा नमुना काढून ठेवावा. एकदा रक्तदात्याच्या पेशी मिसळल्या की स्लाइडही गोंधळते आणि एचपीएलसीही. ज्या जिल्ह्यांत सिकलसेल आहे, तिथे पॉझिटिव्ह चाचणीचा अहवाल खात्रीच्या चाचणीवाचून कोणाच्या हाती देऊ नये. आणि अहवालावर आकड्यांखाली, पेशी पाहिलेल्या माणसाने लिहिलेली एक ओळ असावी. यांतली एकही गोष्ट नव्या शोधाची वाट पाहत नाही. ल्युसी विल्सच्या हाती एचपीएलसी नव्हते, संगणक नव्हता. होते ते सूक्ष्मदर्शक, आणि एका आजाराचे उत्तर सगळ्या आजारांना लावायचे नाही हा आग्रह. तेवढ्यावर परळच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या कामाने जगभरच्या बायकांचे जीव वाचवले. आपल्या हाती त्याहून कितीतरी अधिक साधने आहेत. ‘रक्त कमी आहे’ असे यापुढे कोणी सांगितले, तर प्रत्येक रुग्णाने, प्रत्येक नातेवाइकाने आणि प्रत्येक डॉक्टरने ‘का?’ हा प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत तो सोडू नये. प्रयोगशाळा त्याचे उत्तर देऊ शकते. ते मागण्याचा हक्क गडचिरोलीच्या बाईला मुंबईच्या बाईइतकाच आहे.